‘मग देवाला कोणी केलं?’ हे विचारून वाद संपत नाही

खडूस:
‘जगाला कारण हवं, म्हणून देव आहे’ या युक्तिवादावर काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं, मग देवाचं कारण काय? संपला वाद.’ त्यावर टाळ्याही पडल्या. अहो, असं म्हटलंय कुणी? इस्लामी विचारवंत गझालीचं म्हणणं, ज्याला *सुरुवात* आहे त्याला कारण असतं. तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ अ‍ॅक्वायनस तर कबूलच करतो की जगाला सुरुवात होती हे नुसत्या तर्काने सिद्ध होत नाही. त्याचं उदाहरण काठीचं. हात काठी हलवतो, काठी दगड. हात थांबला की सगळं थांबलं. आत्ता, या क्षणी, जगाची काठी कोणाच्या हातात आहे ते सांगा. आधी वाचा, मग खोडा.

नास्तिकराव:
वाचलंय, उपदेश नको. कारणांच्या साखळीतल्या प्रत्येक कडीला कारण आहे म्हणून अख्ख्या साखळीलाही हवं, हे कुठून काढलंत? ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलने १९४८ च्या रेडिओवरच्या वादात हेच विचारलं होतं: प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला आई असते का?

बिगबँग_भक्त:
महास्फोट झाला, म्हणजे सुरुवात सिद्ध. विषय कट.

नास्तिकराव:
ती कल्पना मांडणारा शास्त्रज्ञ लमेत्र स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू. १९५१ मध्ये पोपने तिचा निर्मितीशी सांधा जोडला, तेव्हा त्यालाच ते रुचलं नव्हतं.

घटपट:
सगळे परदेशीच का आठवतात? न्यायदर्शनाचे उदयनाचार्य वाचा. घट आहे तर कुंभार आहे. पृथ्वीही कार्यच, म्हणजे कारणातून घडलेली, मग तिलाही कर्ता हवा.

नास्तिकराव:
कुंभाराला माती लागते हो! नैयायिकांचे, म्हणजे तुमच्या न्यायदर्शनवाल्यांचे, परमाणू नित्य, ईश्वर फक्त त्यांची जुळणी करतो. गझालीचा देव शून्यातून जग करतो. दोघांना एका पोत्यात कोंबू नका.

घटपट:
शून्यातून असं मी म्हटलंच नाही. माझ्या तोंडी काहीही घालू नका.

नास्तिकराव:
आणि यज्ञकर्माला महत्त्व देणारा मीमांसक कुमारिल भट्ट? वेद प्रमाण मानणारा माणूस जगाचा कर्ता नाकारतो. विचारतो, शरीरच नसलेल्याला इच्छा कुठून होणार?

घटपट:
सोयीपुरते मीमांसक बरे आठवतात तुम्हाला! यज्ञ करता का?

शेवटचा_बाक:
नववीत मी हाच ‘देवाला कोणी केलं’ प्रश्न विचारला. सरांनी तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं. खडू नेमका कानावर बसला. उत्तर अजून यायचंय.

खडूस:
सर चुकले. म्हणून अ‍ॅक्वायनस चुकला का? असो, आईवाला मुद्दा बिनतोड आहे, घ्या. पण तो साखळीला लागतो. माझ्या काठीला अजून कुणी हात लावलेला नाही.