मदत हवी आहे: बहिणीला मारहाण होते, पण तिला ना घर सोडायचंय ना नवऱ्याला तुरुंगात धाडायचंय

एरवी मी वाचनमात्र असते. नावगाव मुद्दाम लिहीत नाही, समजून घ्या.

धाकट्या बहिणीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी सात वर्षांची आहे. नवरा हात उचलतो. आधी वर्षातून एखाददा, आता महिन्यातून दोनदा. तिचं एटीएम कार्ड त्याच्याकडे, फोन रोज तपासतो. मागच्या महिन्यात कान सुजला, तर दवाखान्यात बाईसाहेबांनी सांगितलं काय, "बाथरूममध्ये घसरले." मीच ओढून पोलीस ठाण्यात नेलं. तिथे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतली आणि "घरचं भांडण आहे, समजुतीने घ्या" म्हणून परत पाठवलं.

घर सासूच्या नावावर आहे. "माझं घर आहे, उद्या चालती हो," हे तिला उठता-बसता ऐकवतात. एकदा उंबरा ओलांडला की परत घेणार नाहीत, ही तिची सगळ्यात मोठी धास्ती. मी दुसऱ्या जिल्ह्यात राहते. तिचं म्हणणं एवढंच: "मला घटस्फोट नको, त्याला अटक नको, फक्त मार थांबू दे." असा काही मार्ग कायद्यात आहे का, की ४९८अ (नवऱ्याच्या, सासरच्या छळाचं फौजदारी कलम) हाच एक? आणि वकिलाच्या फीचा आकडा ऐकूनच ती गप्प झाली, त्याचं काय?

"थोडं सोस" हा सल्ला कृपया देऊ नका. तो घरून भरपूर मिळालाय.

प्रतिसाद:
ताई, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर काम करते म्हणून लिहितेय. तुमची बहीण जे मागतेय त्यासाठीच २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. ४९८अ फौजदारी, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झालं. २००५ च्या कायद्यात नुसत्या अर्जाने कुणाला अटक होत नाही आणि घटस्फोटही मागावा लागत नाही. कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. मारहाण करू नये असा संरक्षण आदेश, घरातून काढू नये असा निवास आदेश आणि तिच्या नि मुलीच्या खर्चाची रक्कम हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तुरुंगाची किल्ली त्याच्याच हातात राहते.

घराबद्दल: याच कायद्याचं कलम १७ 'सामायिक घरात', म्हणजे ती नवऱ्यासोबत राहते त्या घरात, राहण्याचा हक्क देतं आणि मालकी कुणाची ते विचारत नाही. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही 'सामायिक घर' असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात स्पष्ट केलंय. हा हक्क बिनशर्त मात्र नाही. कोर्ट सासूची बाजूही पाहील, आणि त्या घराऐवजी दुसरीकडे सोय किंवा भाडं द्यायलाही सांगू शकेल. नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगता येतं, सासूला नाही. तो आदेश स्त्रीविरुद्ध देता येत नाही.

फीची काळजी सोडा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका किंवा जिल्हा न्यायालयातच कार्यालय असतं, नाहीतर १५१०० ला फोन करा.

प्रतिसाद:
दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बसवून बघितलं का? कोर्टाने नाती तुटतात.

प्रतिसाद:
वरच्या दादांना: कान सुजेपर्यंत मारल्यावर कोणतं नातं शिल्लक राहिलंय?

ताई, मी यातून गेलेय. आधी संरक्षण अधिकाऱ्यांना (याच कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) भेटा. ते घटना अहवाल भरून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. कायद्यात पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लिहिलाय, पण त्या ६० वर विसंबून राहू नका. माझे महिन्यांमागून महिने गेले. मला तारलं ते अंतरिम, म्हणजे निकालाआधीच मिळणाऱ्या तात्पुरत्या आदेशाने. त्यासाठीचा कलम २३ चा अर्ज पहिल्याच दिवशी जोडायला सांगा.

दवाखान्यात पुन्हा जावं लागलं तर "नवऱ्याने मारलं" असंच सांगायचं, केसपेपरवर तसंच लिहून घ्यायचं. जखमांचे फोटो तुमच्याकडे पाठवून तिच्या फोनमधून पुसायचे. तुमच्या फोनमधले कधीच पुसू नका. मी रागात सगळं डिलीट केलं होतं, अजून हळहळते. आधार, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, पासबुक यांच्या प्रती काढून ठेवा. दागिन्यांची यादी आठवेल तशी लिहा, लग्नाच्या फोटोंतूनही ओळखता येतात. स्त्रीधन परत मागता येतं. महिला हेल्पलाइन १८१ लावायची तर दुसऱ्याच्या फोनवरून, आणि जीवावर बेतलं तर सरळ पोलिसांचा ११२.

धागाकर्ती:
कसे आभार मानू. तिला आज वाचून दाखवलं, माझ्या फोनवरून. "घटस्फोट मागावा लागत नाही" हे तिने दोनदा वाचायला लावलं. एनसीची प्रत माझ्याकडे आहे. सोमवारी रजा काढून विधी सेवा कार्यालयात जातोय. एकच शंका: मधल्या काळात मुलीला घेऊन ती माझ्याकडे आली तर घर सोडलं असं धरतील का?

प्रतिसाद:
नाही. जीव वाचवायला बाहेर पडलं म्हणून निवासाचा हक्क जात नाही. ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो, म्हणजे तुमच्या जिल्ह्यातही. मारहाण झाली म्हणून निघाले, एवढं पोलीस ठाण्यात लेखी देऊन पोच घ्या. आणि सोमवारपर्यंत रात्रीची वेळ टळत नसेल, तर सोमवारची वाट बघू नका.