कादंबरीच्या आधारावर गाव उभं राहू शकतं का?

मूळ मुद्दा:
माझं मत सरळ आहे: राहू शकतं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स बघा. वस्ती जेमतेम साडेतीन हजार, आणि सगळं गाव लाकूडतोडीवर जगणारं. १९९० साली तिथल्या ठिपकेदार घुबडाला कायद्याचं संरक्षण मिळालं, सरकारी जंगलातली तोड आटली आणि गावाचं कंबरडं मोडलं. २००५मध्ये स्टेफनी मेयर यांची 'ट्वायलाइट' ही फोर्क्समध्ये घडणारी, रक्तपिपासू व्हॅम्पायरच्या प्रेमाची कादंबरी आली. खूप पाऊस पडणारी जागा हवी होती म्हणून त्यांनी हे गाव शोधून काढलं. लिहायला घेतलं तेव्हा त्या तिथे गेलेल्याही नव्हत्या. २०१० साली गावात ७०,०००हून जास्त पर्यटक आले. कुठल्या सरकारी योजनेला हे जमलं असतं?

प्रतिसाद १:
असहमत. सगळा दोष घुबडावर टाकू नका. यंत्रं आली, न कापलेले ओंडके परदेशी जाऊ लागले, तेव्हापासूनच कामं कमी होत होती. आणि लाकडाच्या कामावर एक माणूस घर चालवायचा. मोटेलमधल्या खोल्या आवरून तसं घर चालतं का? या कादंबरीमालिकेवरचा शेवटचा चित्रपट २०१२ला आला, त्यानंतर गर्दी ओसरली. मग ज्यांनी गर्दी बघून दुकान थाटलं, त्यांनी काय करायचं?

प्रतिसाद २:
ओसरली, पण आटली नाही. नायिकेच्या वाढदिवसाच्या, म्हणजे १३ सप्टेंबरच्या सुमारास तिथे आजही उत्सव भरतो. पर्यटक केंद्राबाहेर तिचा लाल जुना ट्रक उभा असतो. रुग्णालयाच्या आवारात तर कथेतल्या डॉक्टरसाठी राखीव पार्किंगची पाटी लागली होती! चित्रपटांचं बहुतेक चित्रीकरण इतरत्र झालं, तरी लोक गावातच येतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांना पडद्यावरची जागा नको असते, पुस्तकात वाचलेलं गाव हवं असतं. शिवाय ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातलं होहचं वर्षावन जवळच आहे. पूर्वी तिकडे जाणारी गाडी फोर्क्समध्ये थांबलीच पाहिजे असं काही नव्हतं. आता थांबायला कारण आहे.

प्रतिसाद ३:
तुम्ही सगळे फोर्क्सबद्दलच बोलताय. तिथून थोड्या अंतरावर, किनाऱ्यावरच्या ला पुशमध्ये राहणाऱ्या क्विल्यूट या मूळनिवासी जमातीच्या लोकांचं काय? कादंबरीतली लांडगामाणसं त्यांच्या नावावर खपवली गेली. त्यांच्या मूळ कथेत लांडग्यांपासून पहिली माणसं घडवली गेली. लांडगा हा त्यांचा पूर्वज आहे, त्याचं भयकथेतलं पात्र केलं. जगभर त्यांच्या नावाचा माल विकला जात होता, तेव्हा त्यांची मुलं त्सुनामीच्या टप्प्यातल्या शाळेत बसत होती. उंचावरची जमीन मिळण्याचा कायदा २०१२ला झाला आणि नवी शाळा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. फोर्क्स सावरलं याचा आनंद मलाही आहे, पण ज्यांची कथा घेतली त्यांना विचारलंही नाही.

मूळ मुद्दा मांडणारा:
प्रतिसाद ३ मान्य. ही बाजू मी मांडायलाच हवी होती. सिएटलच्या बर्क संग्रहालयाने क्विल्यूट लोकांना बरोबर घेऊन कादंबरीतलं काय खरं, काय रचलेलं हे मांडलं, तसं काम पहिल्या वर्षापासून व्हायला हवं होतं. रोजगाराबद्दल मात्र मी ठाम आहे. लाकडाची कामं परत येणार नव्हतीच. त्यामुळे मोटेलच्या पगाराची तुलना आरागिरणीच्या पगाराशी करू नका, रिकाम्या मोटेलशी करा.

प्रतिसाद १:
ही तुलना मला पटते. तरी ऑफ सीझनचे महिने धरा, मग बोलू.