पिकअपच्या क्रँक पुलीमागचे ऑइल सील गळते आहे. घरी बदलता येईल का?

मळेकरी (ओतूर)

नमस्कार. माझ्याकडे चार सिलिंडरच्या अडीच लिटर डिझेल इंजिनाची पिकअप असून ती आजवर 1,68,000 किलोमीटर चालली आहे. टोमॅटोच्या हंगामात ती आठवड्यातून चार-पाच दिवस नारायणगावच्या बाजारात जाते आणि भाव बरा असेल तेव्हा माळशेज घाट उतरून कल्याणलाही जाते, त्यामुळे ती दोन दिवस उभी राहिली तरी माल दुसऱ्याच्या गाडीत भाड्याने घालावा लागतो. गेल्या महिनाभरापासून इंजिनाच्या पुढच्या बाजूने ऑइल गळत आहे. क्रँक पुलीची (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, पुढच्या टोकावरच्या पुलीची) आतली बाजू कायम ओली असते आणि पुलीने उडवलेल्या ऑइलचा काळा पट्टा रेडिएटरच्या काउलवर (पंख्याभोवतीच्या आवरणावर) उमटला आहे. पंधरा दिवसांत जवळपास एक लिटर ऑइल वरून घालावे लागले. एका गॅरेजमध्ये मला इंजिन उतरवल्याशिवाय सील (फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी) निघणार नाही असे सांगण्यात आले. ट्रॅक्टरची बरीचशी कामे मी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये स्वतः करतो. गोट्यांचा (सॉकेटचा) संच, टॉमी (गोट्या फिरवायचा दांडा), पुलर (पुली ओढून काढायचे अवजार) आणि दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) माझ्याकडे आहेत. टायमिंगला, म्हणजे क्रँकशाफ्टवरून व्हॉल्व्ह चालवायला, पट्टा नसून गिअर आहेत. इंजिन खरोखरच उतरवावे लागते का, आणि नसेल तर हे काम एका रविवारी होण्यासारखे आहे का?

जुना फिटर (चिंचवड)

मळेकरी, इंजिन उतरवण्याची गरज नाही. आपण म्हणता ते सील टायमिंग कव्हरमध्ये (टायमिंग गिअरांवरच्या झाकणात) बसवलेले असते आणि पुली काढली की समोर दिसते. आपल्याला तसे सांगणाऱ्याच्या मनात बहुधा मागचे सील असावे, कारण ते फ्लायव्हीलच्या मागे असल्याने त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो आणि ते काम घरी, एकट्याने, जमिनीवर पाठ टेकून करण्यासारखे नाही.

मात्र पाना उचलण्यापूर्वी गळती नक्की कोठून आहे ते पाहा. ऑइल वरून खाली ओघळते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जाते, म्हणून जी जागा ओली दिसते तीच गळते असे समजण्यात अनेकांची फसगत होते. टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग पुढच्या कोपऱ्यात फुटले असेल तरी ऑइल टायमिंग कव्हरवरून उतरून बरोबर पुलीवर येते. इंजिन थंड असताना पुढची सगळी बाजू डिझेल आणि ब्रशने धुऊन, पुसून कोरडी करा, तीवर साधी टाल्कम पावडर मारा आणि दहा-पंधरा मिनिटे इंजिन जागेवर चालवून बंद करा. पावडर जेथे प्रथम भिजेल तेथून गळती सुरू होते.

दुसरी तपासणी ब्रीदरची करावी. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीत) उतरतच असतो आणि तो ब्रीदरच्या पाइपातून बाहेर पडतो. हा पाइप काजळीने तुंबला की आत दाब साठतो आणि तो सर्वांत कमकुवत ठिकाणाहून, म्हणजे सिलांच्या ओठांतून (आत फिरणाऱ्या भागाला टेकणाऱ्या रबरी कडांतून), ऑइल बाहेर ढकलतो. अशा इंजिनात कितीही चांगले सील बसवले तरी ते टिकत नाही. इंजिन सावकाश चालत असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून तोंडावर नुसते ठेवून पाहा. ते किंचित थरथरले तर हरकत नाही, पण उडून पडत असेल किंवा तेथून धुराचे लोट येत असतील तर आधी ब्रीदर साफ करा, आणि त्यानंतरही तसेच होत असेल तर दुखणे पिस्टनच्या रिंगांचे आहे असे समजा.

पाना-पक्कड (निफाड)

हेच काम मी दोन वर्षांपूर्वी माझ्या पिकअपवर दोनदा केले. दोनदा का करावे लागले, ते सांगणे आपल्या अधिक उपयोगाचे आहे.

पहिल्या वेळी सील अगदी व्यवस्थित बसले आणि आठव्या दिवशी पुन्हा ठिबकू लागले. मी सिलालाच दोष दिला, दुसरे आणले आणि पुली पुन्हा काढली. ती हातात घेऊन हबवरून (पुलीच्या मधल्या नळीसारख्या भागावरून) अंगठ्याचे नख आडवे फिरवले तेव्हा ते एका जागी अडकले. सिलाचा रबरी ओठ क्रँकशाफ्टवर नव्हे, तर पुलीच्या या हबवर घासत असतो आणि लाखभर किलोमीटरनंतर तो नरम रबर पोलादात बारीक खाच पाडतो; ओठात अडकलेली धूळ जणू पॉलिश पेपरचे काम करते. नवे सील त्याच खाचेवर बसले तर त्याचा ओठ हबला सगळीकडून सारखा टेकत नाही. यावर उपाय म्हणजे हबवर चढवायची पातळ पोलादी स्लीव्ह. तिची जाडी पाव मिलिमीटरच्या थोडीच वर असते, त्यामुळे सिलाचे माप बदलावे लागत नाही. स्लीव्ह मिळाली नाही तर, कव्हरमध्ये जागा असल्यास, नवे सील जुन्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवावे, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. मी स्लीव्ह घातली आणि सील आजपर्यंत कोरडे आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मागच्या चाकांना गुटके लावा आणि गाडी घोड्यांवर घ्या. नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका. गाडी सपाटीवर असेल तर सील संपमधल्या (इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या) ऑइलच्या पातळीच्या वर असते, म्हणून ऑइल काढावे लागत नाही. पंखा, काउल आणि पट्टे काढले की माझ्या गाडीत हाताला पुरेशी जागा झाली; आपल्याकडे ती कमी पडली तर रेडिएटर काढावा, पण त्यातले पाणी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच सोडावे.

पुलीचा मधला बोल्ट सहजी सुटत नाही. गाडी वरच्या गिअरमध्ये घालून एका माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि टॉमीवर लांब पाइप चढवून जोर लावा. आटे सुलटे आहेत की उलटे हे आधी गाडीच्या पुस्तिकेत पाहा. पुली पुलरनेच ओढा. पहारीने उचकटल्यास तिच्यातला रबरी थर फाटतो.

जुने सील काढताना त्याच्या पत्र्यात समोरासमोर दोन बारीक भोके पाडून दोन स्क्रू अर्धवट पिळावेत आणि पकडीने आलटून पालटून ओढावे. ड्रिल जेमतेम पत्र्यापुरतेच जाऊ द्या, कारण आत क्रँकशाफ्ट आहे आणि त्यावर ओरखडा उठला तर तो कायमचा. नवे सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे, असली पाहिजे. रबरी ओठाला आणि हबला बोटाने इंजिन ऑइल लावा. मात्र ओठ टेफ्लॉनचा असेल तर ते सील कोरडेच बसवायचे असते. ऑइल लावले तर तो ओठ नीट बसत नाही. सिलाच्या बाहेरच्या व्यासाएवढा पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून त्यावर हलक्या हाताने ठोकत, चारी बाजूंनी सारखे आत न्यावे. तिरके गेलेले सील सरळ करण्याच्या फंदात न पडता दुसरे आणावे.

रात्रपाळी (भिवंडी)

बोल्टासाठी एवढी खटपट कशाला? टॉमी चेसिसला टेकवून स्टार्टरचा एक हलका झटका दिला की बोल्ट सुटतो. आमच्याकडे सगळे असेच करतात.

जुना फिटर (चिंचवड)

सगळे करतात हे खरे, आणि त्यांपैकी कोणाचे मनगट मोडलेले मी प्रत्यक्ष पाहिले आहे असे नव्हे, पण टॉमी सटकून रेडिएटरच्या आरपार गेलेली मात्र पाहिली आहे. डिझेल इंजिन एका झटक्यात सुरू होऊ शकते आणि आटे उलटे असतील तर त्याच झटक्याने बोल्ट अधिक आवळला जातो. घरी काम करणाऱ्याने हा मार्ग धरू नये. बोल्ट परत आवळतानाही अंदाजावर न जाता टॉर्क पाना वापरावा आणि पुस्तिकेतील आकडा पाळावा.

मळेकरी, सील घेताना जुन्यावर कोरलेली आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी ही तीन मापे जुळवून घ्या. साध्या नायट्राइल रबराऐवजी विटॉनचे मिळाले तर तेच घ्यावे, कारण ते उष्णतेने लवकर कडक होत नाही आणि घाट चढणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग होतो.

मळेकरी (ओतूर)

सर्वांचा आभारी आहे. काम काल झाले. रविवार मात्र पुरला नाही, सोमवारची सकाळही गेली. पावडर सिलाच्या खालच्या अर्ध्या भागातच भिजली, म्हणजे गळती तेथूनच होती. ब्रीदरचा पाइप काढला तर त्यात करंगळीएवढीही जागा उरलेली नव्हती. तारेने आणि डिझेलने साफ केल्यावर झाकणाची उडी थांबली. बोल्टासाठी धाकट्या भावाला ब्रेकवर बसवले आणि ठिबकचा जुना लोखंडी पाइप टॉमीवर चढवला, तेव्हा तिसऱ्या नेटाला तो सुटला. जुन्या सिलाचा ओठ नखाने दाबला तरी वाकत नव्हता, इतका कडक झाला होता. हबवर पाना-पक्कड यांनी सांगितली तशी खाच होती. स्लीव्ह नारायणगावात मिळाली नाही, म्हणून सील दीड मिलिमीटर बाहेर ठेवले.

आज एक खेप करून आल्यावर गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला होता. पुलीच्या खालचा भाग कोरडा आहे. मागच्या बाजूला मात्र एक थेंब पडला असून तो टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ओघळलेला दिसतो. ते पॅकिंग पुढच्या रविवारी.