मदत हवी आहे: आलेख झटपट उघडतो, तरी इंजिनिअर एक्सेलकडेच वळतात

महापे_मांडणी: नमस्कार मंडळी. महापे-रबाळे पट्ट्यातल्या कारखान्यांचा पंप-बॉयलरचा डेटा तपासायचं सॉफ्टवेअर आहे. डिझायनर तिघे, जबाबदारी माझ्याकडे. दर सेकंदाला एक रीडिंग येतं. महिन्याचा आलेख उघडायला 40 सेकंद लागत, म्हणून सरासरी दाखवायला लागलो. वेग आला, पण मेंटेनन्सवाले सगळं एक्सेलमध्ये उतरवून घेतात. म्हणतात, आकडे लॉगबुकशी जुळत नाहीत. रंग आणि मांडणी दोनदा बदलून झाली. कुठे चुकतंय?

ऐरोली_आलेख: मांडणीला आता हात लावू नका, घोळ सरासरीत आहे. 30 दिवसांची रीडिंग 25,92,000. आलेख 1,200 पिक्सेल रुंद धरला तर एका पिक्सेलच्या वाट्याला 2,160 येतात, म्हणजे 36 मिनिटं. 6 बारचा दाब 40 सेकंद 9 वर गेला, तर सरासरी येते 6.06. ज्या उसळीसाठी माणूस आलेख उघडतो, तीच पुसली गेली. प्रत्येक पिक्सेलसाठी किमान आणि कमाल काढा, दोहोंमध्ये उभी रेघ ओढा. ब्राउझरकडे 2,400 आकडेच जातात, त्यामुळे वेग टिकतो. झूम केल्यावर मात्र मूळ डेटावरून पुन्हा मोजायचं, आधीचंच चित्र ताणायचं नाही. आणि सेन्सर बंद असेल तिथे शून्य नको, रेघही जोडू नका. जागा कोरी सोडा.

खाडीकाठ: लॉगबुकचं कारण वेगळं असू शकेल. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असून दिवसाचे गट तिथेच पडत असतील, तर तुमचा दिवस पहाटे 5:30 ला उलटतो. रात्रपाळी 7 ला सुटत असेल तर शेवटचा दीड तास पुढच्या तारखेच्या खात्यात जातो. दिवस कधी सुरू होतो हे प्रत्येक प्लांटच्या सेटिंगमध्ये घ्या आणि आलेखाच्या डोक्यावर लिहा.

टीमबद्दलही सांगतो, कारण मूळ दुखणं तिथे दिसतंय. तिघे नमुन्याच्या गुळगुळीत डेटावर स्क्रीन काढत असणार. त्यांना प्लांटची खरी, अस्ताव्यस्त फाइल द्या: मधले तास गायब, एकच रीडिंग दोनदा, टॅगचं (सेन्सरच्या ओळखीचं) नाव 40 अक्षरी. त्या फाइलवर जी स्क्रीन तगत नाही ती रिव्ह्यूला आणायचीच नाही. रिव्ह्यूत इंजिनिअरला ‘आवडलं का’ विचारून हाती काही लागत नाही. ‘मंगळवारी पंप 3 चा दाब कधी घसरला ते शोधा’ असं काम द्या आणि गप्प बसून बघा. एक्सपोर्टचं बटण तो ज्या क्षणी दाबतो, तिथे तुमची स्क्रीन कमी पडली.

महापे_मांडणी: दिवस यूटीसीवरच पडतोय, आत्ताच तपासलं. किमान-कमाल पट्टाही करून पाहिला. उसळ्या दिसतात, पण रोजची पातळी त्यात बुडते.

ऐरोली_आलेख: पट्टा फिका ठेवा, सरासरीची बारीक गडद रेघ त्यावर. कोपऱ्यात कायम दिसेल असं ‘1 पिक्सेल = 36 मिनिटं’ लिहा; झूमबरोबर तो आकडा बदलला पाहिजे.