मदत हवी आहे : पुण्यातल्या संस्थेला परदेशातून देणगी दिली, पैसे परत आले

मुठाकाठची
बाबांचं वर्षश्राद्ध पाच आठवड्यांवर आलं आहे. त्याआधी त्यांच्या नावाने ३ लाख रुपये पुण्यातल्या एका विद्यार्थी वसतिगृहाला द्यायचे आहेत. एनईएफटी केली, आठ दिवसांनी सगळी रक्कम परत खात्यात. सोबत एका ओळीची ईमेल : आपली देणगी स्वीकारता येत नाही, क्षमस्व. पहाटे साडेपाचला उठून तीनदा फोन केला. 'ऑडिटर नको म्हणाले' यापलीकडे कोणी काही सांगत नाही. चांगल्या कामाला पैसे द्यायला एवढा त्रास का व्हावा? कोणाला असा अनुभव आला असेल तर मार्ग सांगा. 'संस्थेशी बोलून बघा' नको, ते करून झालं आहे.

मस्कत_ते_मंडई
मी १६ वर्षं मस्कतला आहे. दर दिवाळीला एनआरई खात्यातून (परदेशातल्या कमाईचं भारतातलं खातं) पुण्यातल्या दोन संस्थांना पैसे पाठवतो. पॅन नंबर कळवायचा, पंधरा दिवसांत पावती येते. आजवर एकदाही पैसे परत आलेले नाहीत. तुमच्या संस्थेच्या ऑफिसात कोणाला काही माहीत नसावं. संस्था बदला, काम होईल.

कर्वेनगरची_मी
ताई, तुम्ही कुठल्या देशात आहात? पैसे कुठल्या खात्यातून गेले? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मुठाकाठची
लीड्सला असते. पैसे पुण्यातल्याच बँकेतल्या माझ्या एनआरओ खात्यातून (भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) गेले. सहकारनगरच्या फ्लॅटचं भाडं त्यात जमा होतं. म्हणजे भारतातले रुपये भारतातच दिले, परदेशातून एक पौंडही आलेला नाही. म्हणून तर काही कळत नाहीये.

सदाशिव३०
८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करवजावटीची, पावती घ्यायला विसरू नका. भाड्यावर भारतात कर भरत असालच, निम्म्यापर्यंत रक्कम वजा होऊ शकते.

कर्वेनगरची_मी
@सदाशिव३०, नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०जीची वजावट मिळत नाही. अर्धवट माहिती नका देऊ. आणि त्यांनी करसवलतीबद्दल विचारलेलंच नाही.

सदाशिव३०
जुनी घेतली असेल तर मिळते. मी दर वर्षी घेतो. संस्थेने देणग्यांचं विवरणपत्र (१०बीडी) भरलं की देणगीचं प्रमाणपत्र (१०बीई) येतं, ते जपून ठेवा. रोख देऊ नका, २००० रुपयांच्या वरची रोख देणगी वजावटीला चालत नाही.

हिशेबनीस
पासपोर्ट कोणता आहे तुमचा?

मुठाकाठची
त्याचा काय संबंध? ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे, पॅन आहे, पुण्यात घर आहे, भारतात कर भरते. ब्रिटिश पासपोर्ट घेऊन चार वर्षं झाली. देणगीच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना होता, तिथे खरं तेच लिहिलं.

हिशेबनीस
सगळा संबंध त्याचाच आहे. मी पुण्यातल्या दोन ट्रस्टचे हिशेब बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परदेशी देणग्यांचा कायदा म्हणजे एफसीआरए, २०१०. पैसे कुठल्या देशातून आले, कुठल्या चलनात आले, हे त्यात दुय्यम. देणारा कुठल्या देशाचा नागरिक, हे पहिलं. मस्कतवाले भारतीय पासपोर्टवर आहेत. त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे 'विदेशी अंशदान' होत नाहीत, मग ते ओमानमध्ये कमावलेले का असेनात. तुम्ही ब्रिटिश नागरिक आहात, म्हणून पुण्यातल्या फ्लॅटचं पुण्यातलं भाडं पुण्यातल्या खात्यातून रुपयांत दिलंत तरी ते विदेशी अंशदानच. ओसीआय कार्डाच्या नावात 'सिटिझन' शब्द आहे, त्यामुळे पुष्कळांची समजूत चुकते. ते नागरिकत्व नव्हे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही.

ज्या संस्थेची एफसीआरए नोंदणी नाही तिला असे पैसे सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय घेताच येत नाहीत. म्हणजे संस्थेने तुमचे पैसे परत केले हे बरोबरच केलं. ठेवून घेतले असते तर गोत्यात आली असती. मात्र तुम्हाला नीट कारण सांगायला हवं होतं, हे मान्य.

मस्कत_ते_मंडई
हे मला ठाऊक नव्हतं. माझा वरचा सल्ला मागे घेतो.

भोरचा_नाना
एवढं कशाला करता? रक्कम आईच्या खात्यावर टाका. आईने चेक फाडायचा, बाबांच्या नावाने पावती घ्यायची. आमच्या घरी अमेरिकेतला पुतण्या असंच करतो. नातेवाइकांना वर्षाला १० लाखांपर्यंत पाठवता येतात, सरकारला कळवावंही लागत नाही.

हिशेबनीस
नाना, १० लाखांचं बरोबर आहे, २०२२ मध्ये मर्यादा १ लाखावरून १० लाख केली. पण ती आईच्या घरखर्चासाठी, औषधपाण्यासाठी. परदेशी नागरिकाकडून आलेली रक्कम एका किंवा अनेक व्यक्तींच्या हातून फिरून संस्थेकडे गेली तरी ती विदेशी अंशदानच धरायची, असं कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. पुतण्याला सांगा हे. उद्या चौकशी झाली तर नोंदणी नसलेली संस्था अडकेल, तिथे राहणारी मुलं अडकतील.

भोरचा_नाना
असे नियम करून गावाकडच्या लहान संस्थांनी जगायचं कसं? आमच्या तालुक्यातल्या एका वसतिगृहाला धान्य भरायची अडचण आहे आणि तिकडे लोक द्यायला तयार आहेत. मला हे पटत नाही.

हिशेबनीस
मलाही सगळं पटतं असं नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही परदेशी पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. त्यातला प्रशासनावरचा खर्च ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणला. आणि मोठ्या संस्थेने घेऊन लहान संस्थेला द्यायचे, तेही बंद झालं. लहान संस्थांना याचा फार जाच होतो. पण कायदा आहे तोवर वाट काढायची ती त्यातूनच.

विमाननगर_अजित
पुण्यातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. रुग्ण गरजू असेल तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या.

कर्वेनगरची_मी
अजितराव, माहिती उपयोगी आहे, पण इथे रुग्ण कोणी नाही. वेगळा धागा काढा, तिथे लोकांच्या कामी येईल.

ताई, वसतिगृहच हवं असा आग्रह का? वृद्धाश्रम, अंधशाळा, मुक्तांगणसारखं व्यसनमुक्ती केंद्र, पुण्यात कामं खूप आहेत. ज्यांची नोंदणी आहे त्यांना द्या आणि मोकळ्या व्हा. दान ते दान.

मुठाकाठची
मोकळं होण्यासाठी द्यायचं नाहीये मला.

बाबा १९६२ साली भोर तालुक्यातून अकरावीसाठी पुण्याला आले. वसतिगृहात जागा मिळाली, पण जेवण परवडत नव्हतं. आठवड्यातले चार दिवस वार लावलेले होते, बाकीचे तीन दिवस वसतिगृहाच्या आचाऱ्याने पैसे न मागता वाढलं. ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं. पुढे खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत नोकरी केली. निवृत्तीनंतर दर जूनला अप्पा बळवंत चौकातून दहा कंपासपेट्या घेऊन त्या वसतिगृहात द्यायला जायचे. मी दोनदा बरोबर गेले आहे. दुकानात प्रत्येक पेटी उघडायचे, कर्कटकात पेन्सिल अडकवायचे, स्क्रू आवळायचे आणि कागदावर एक वर्तुळ काढून बघायचे. पाय फाकला की पेटी बाजूला. दहा चांगल्या मिळेपर्यंत दुकानदाराने उभं राहायचं. 'पोराच्या हातात आल्यावर वर्तुळ बिघडलं तर त्याला वाटतं चूक आपलीच' असं म्हणायचे.

म्हणून तेच वसतिगृह.

प्रभात_रस्ता
वार लावून जेवणाऱ्यांपैकी माझे सासरेही होते. मंगळवारचं घर शनिवार पेठेत. त्या घरच्या आजींना ते शेवटपर्यंत भाऊबीज घालायला जायचे. पुण्यातल्या या मुलांचा इतिहास मोठा आहे. पुणे विद्यार्थी गृह १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह म्हणून सुरू झालं, तेव्हा मुलं माधुकरी मागून आणत. विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ सालची, खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींसाठीच. सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं कोणीतरी लिहून ठेवायला हवं होतं, आता ती पिढी गेली.

भोरचा_नाना
भोरचे होते होय? कुठल्या गावचे?

मुठाकाठची
नाना, व्यक्तिगत निरोप पाठवते. हिशेबनीस, आता माझ्यापुढे काय मार्ग आहे तेवढं सांगा. पाच आठवडेच आहेत.

हिशेबनीस
त्याच वसतिगृहासाठी तुमच्या पैशांचा एकच मार्ग आहे, पूर्वपरवानगी. ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम, ठरावीक काम, असा अर्ज संस्थेने केंद्रीय गृह मंत्रालयाकडे करायचा. पाच आठवड्यांत होण्यासारखा तो नाही आणि ३ लाखांसाठी संस्था एवढा खटाटोप करेल का, शंकाच आहे.

दुसरं, नोंदणी असलेली विद्यार्थ्यांची संस्था निवडा. 'आमची आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका, प्रमाणपत्राची प्रत मागा आणि तारीख बघा. नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरण अडकलेल्या संस्था बऱ्याच आहेत. पैसे फक्त त्यांच्या दिल्लीच्या खात्यातच पाठवा. नाव, पत्ता, देश, कारण हे सगळं पैसे पाठवतानाच द्यावं लागतं.

एक विचारू का? तुमच्या यजमानांचा पासपोर्ट कोणता?

लंडनकर_मंदार
यूकेत पगारावर कर भरत असाल तर गिफ्ट एडही बघा. भारतात काम करणाऱ्या एखाद्या ब्रिटिश चॅरिटीला दिलेत तर १०० पौंडांमागे तिला सरकारकडून आणखी २५ पौंड मिळतात. तुम्ही फक्त एक जाहीरपत्र भरून द्यायचं. वरच्या दराने कर भरत असाल तर फरक तुम्हालाही परत मागता येतो. भाड्याचे पैसे राहू द्या, पगारातले द्या. पण त्या चॅरिटीचं पुण्यात काम आहे का ते आधी विचारा. आणि पुण्याच्या संस्थेला थेट दिलेल्या पैशांवर गिफ्ट एड नाही, ती चॅरिटी यूकेत मान्यता असलेली लागते.

मुठाकाठची
नवऱ्याचा पासपोर्ट अजून भारतीयच आहे. हे सांगायचं असतं हे मला सुचलंच नाही.

हिशेबनीस
मग त्यांनी स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून त्याच वसतिगृहाला दिले तर काही अडचण नाही. अट एकच, पैसे खरोखर त्यांचे हवेत. तुमच्या खात्यातून त्यांच्या खात्यात आणि तिथून संस्थेकडे, हे नानांनी सांगितलं तसंच झालं. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत संस्थेला आधीच पाठवा, म्हणजे ऑडिटरची हरकत राहणार नाही.

कर्वेनगरची_मी
ताई, मघाशी 'मोकळ्या व्हा' लिहिलं त्याबद्दल माफ करा. मला बाबांचं माहीत नव्हतं.

मुठाकाठची
माफी कसली. मीच सगळं अर्धवट लिहिलं होतं.

रात्री नवऱ्याशी बोलले. तो लगेच तयार झाला, त्याच्या बचतीतून दीड लाख देतो म्हणाला. पावती त्याच्या नावाने निघेल, त्यावर 'सासऱ्यांच्या स्मरणार्थ' असं लिहून मागितलं आहे. संस्थेने आज पासपोर्टची प्रत मागवली आणि ऑडिटरांनी होकार कळवला. माझे ३ लाख अजून खात्यातच आहेत. नोंदणी असलेल्या दोन संस्थांना प्रमाणपत्राची प्रत मागितली आहे, एकीकडून आली, तारीख ठीक आहे. हे वर्षश्राद्धाआधी होईल असं वाटत नाही. मला हे स्वतःच्या हाताने आणि वेळेत करायचं होतं, त्याचं वाईट वाटतंच.

कंपासपेट्या आई घेणार आहे, तिच्या पेन्शनमधून. तिचे गुडघे दुखतात, अप्पा बळवंत चौकातल्या गर्दीत तिला एकटीला पाठवायचं नाही. शनिवारी सकाळी तासभर कोणी तिच्याबरोबर जाऊ शकेल का? फक्त घाई करणारं कोणी नको, प्रत्येक पेटी उघडून बघायची आहे.

प्रभात_रस्ता
मी येते. साडेदहाला सहकारनगरला रिक्षा घेऊन येईन. पत्ता निरोपात पाठवा. वर्तुळ काढायला कोरे कागद मी आणते.