विषय: घराला कॅमेरे लावायचेत – बॅटरीचे की वायरचे?

प्रेषक: मृणाल (नेपरव्हिल)

नमस्कार मंडळी,

सासू-सासरे मे महिन्यात येतायत, सहा महिन्यांसाठी. आम्ही दोघंही दिवसभर ऑफिसला, घरात ते दोघंच. दाराशी कोण आलंय ते त्यांना जागेवरून दिसावं, गॅरेजसमोरची गाडी आणि मागचं डेक नजरेखाली राहावं, एवढीच अपेक्षा. शिवाय आमच्या गल्लीत दारातली पार्सलं पळवायचे प्रकार सुरू झालेत.

बॅटरीवाले चार कॅमेरे आणि त्यांची छोटी सोलर पॅनेलं असा सेट सेलमध्ये दिसतोय. वायर नाही, काही नाही, स्क्रूने बसवा की झालं. नवरा म्हणतो घेऊन टाकू. मला वाटलं आधी आपल्या शिकागोकरांच्या लिस्टवर विचारावं. घर १९९२चं, दोन मजली, बेसमेंट अर्धवट फिनिश केलेलं. दाराची बेल जुनीच, तारेची.

– मृणाल

प्रेषक: अभिजित (शॉमबर्ग)

मृणाल, आमच्याकडे अगदी हाच प्रकार आहे. मस्त चालतो. ऑक्टोबरपर्यंत. मग दर थोड्या दिवसांनी शिडी, बॅटरी काढा, किचनच्या ओट्यावर चार्जिंगला लावा, परत शिडी. बर्फात शिडी लावताना शेजारी माझ्याकडे असे बघतात की कॅमेरा त्यांनीच माझ्यावर लावावा.

मे ते ऑक्टोबर एवढंच हवं असेल तर बिनधास्त घे.

– अभिजित

प्रेषक: सतीश (अरोरा)

मृणाल, कंपनी कुठली हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी घराभोवती एक चक्कर मार आणि कॅमेऱ्याच्या प्रत्येक जागी वीज कुठून पोचेल ते बघ. तिथेच निम्मी खरेदी ठरते.

थंडीत बॅटरी लवकर उतरते हे अभिजितचं खरं, पण मोठी गोची चार्जिंगची आहे. लिथियम-आयन सेल शून्य सेल्सियसच्या खाली चार्ज करायचा नसतो. केला तर आत धातूरूपी लिथियमचा थर धरतो आणि सेल कायमचा खराब होतो. म्हणून चांगल्या कॅमेऱ्यांमधलं सर्किट त्या तापमानाला चार्जिंग बंदच करतं. म्हणजे जानेवारीत लख्ख ऊन असलं, पॅनेलवरचा बर्फ झाडलेला असला, तरी बॅटरीत काही जात नाही. त्यात आपल्याकडे डिसेंबरात दिवस नऊ तासांहून जरासा मोठा. ३० जानेवारी २०१९ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट होतं, म्हणजे जवळपास उणे ३१ सेल्सियस. तसल्या दिवशी बॅटरीचा कॅमेरा म्हणजे भिंतीवरची शोभा.

दुसरं असं, की हे कॅमेरे बहुतेक वेळ झोपलेले असतात. हालचाल जाणवली की उठतात आणि मग रेकॉर्डिंग सुरू. तेवढ्यात पार्सल उचलणारा पाठमोरा झालेला असतो, आणि तुला मिळते त्याच्या हुडीची उत्तम क्लिप.

मी सांगेन पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) घे. एकाच नेटवर्क केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येतं. त्याचं ८०२.३एएफ हे स्टँडर्ड २००३ सालचं आहे. त्यात स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबली जोडायच्या नेटवर्कच्या डबीच्या, पोर्टवर १५.४ वॉट मिळतात आणि केबलमधली घट धरून कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॉट उरतात. साधा स्थिर कॅमेरा रात्रीचे इन्फ्रारेड दिवे लागल्यावरही यात आरामात बसतो. मोटरने फिरणारा, हीटरवाला घेतलास तर मात्र ८०२.३एटी, म्हणजे ३० वॉटचं पोर्ट लागेल. केबलची मर्यादा १०० मीटर, आपल्या घरांना ती कधीच आड येत नाही. स्विच घेताना नुसती पोर्टं मोजू नकोस, सगळ्या पोर्टांना मिळून किती वॉट देतो तो आकडाही खोक्यावर असतो, तो वाच.

प्लगवर चालणारा वायफाय कॅमेरा हा मधला मार्ग वाटतो, पण सॉफिटखाली, म्हणजे छपराच्या पुढे आलेल्या कडेखाली, प्लग आहे का तुझ्याकडे? शिकागोत आणि आसपासच्या बऱ्याच उपनगरांत घरातली मेन वायरिंगसुद्धा धातूच्या पाइपातून न्यावी लागते. एक नवा आउटलेट काढायचा तर इलेक्ट्रिशियनचं बिल चारही कॅमेऱ्यांच्या वर जाईल. नेटवर्क केबल लो व्होल्टेज, ती आपली आपण ओढता येते.

केबल मात्र अस्सल तांब्याची घे. 'सीसीए' लिहिलेली स्वस्तातली म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. तिचा रोध जास्त, लांब अंतरावर व्होल्टेज पडतं, आणि कॅमेरा नेमका रात्री दिवे लागले की रीस्टार्ट होत बसतो. मग लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात.

बेसमेंटमधून छपराखालच्या अ‍ॅटिकमध्ये जायला प्लंबिंगच्या व्हेंट पाइपशेजारी बहुधा पोकळी सापडते, तिथून केबल सोड. अ‍ॅटिकमधलं काम एप्रिलमध्येच उरक, जुलैत वर उभं राहवत नाही. बाहेर कॅमेऱ्यात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ ठेव, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकेल, आत शिरणार नाही.

आणि '४के'च्या मागे लागू नकोस. छोट्या सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की रात्री नुसती रवाळ खिचडी दिसते. मोठ्या, १/१.८ इंचाच्या सेन्सरचा ४ मेगापिक्सेल रात्री जास्त कामाचा. २.८ मिलिमीटरची लेन्स सगळं अंगण दाखवते, पण अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा तर तो चारेक मीटरच्या आत यायला हवा. ड्राइव्हवेच्या टोकासाठी ६ मिलिमीटरची लाव. आठ-नऊ फुटांच्या वर चढवू नकोस, नाहीतर सगळ्यांच्या टोप्याच दिसतील.

– सतीश

प्रेषक: प्रभाकर काका (स्कोकी)

चि. मृणाल,

सतीशने सविस्तर लिहिलं, पण बेलचं राहिलं. सासू-सासऱ्यांना रोज उपयोग तिचाच होणार. मी एमएसईबीत होतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर दिसला की मला राहवत नाही.

जुन्या बेलचा ट्रान्सफॉर्मर बेसमेंटमध्ये पॅनेलजवळ, फर्नेसशेजारी किंवा गॅरेजमध्ये असतो. त्यावर व्होल्ट आणि व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे तो किती ताकद देऊ शकतो) लिहिलेले असतात. तुमच्या काळातल्या घरात बहुधा १६ व्होल्ट, १० व्हीए निघेल. अजून जुन्या घरांत १० व्होल्टचेही बघितलेत. व्हिडिओ बेलला साधारण १६ ते २४ व्होल्ट एसी लागतात आणि १० व्हीए अगदी काठावर पडतात. लक्षणं अशी: दिवसा ठीक, रात्री बंद, कोणी बटण दाबलं की चित्र गायब, घरातली घंटा, म्हणजे चाइम, आपली गुणगुणत बसते. १६ व्होल्ट ३० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर बदलून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याची एक बाजू १२० व्होल्टची असते, ब्रेकर पाडून टेस्टरने तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. जमत नसेल तर मला बोलवा, चहा पाजलात की झालं.

आता वीज गेली तर काय? बेरीज करा. चार कॅमेरे प्रत्येकी ६ वॉट धरले तर २४. रेकॉर्डर डिस्कसकट १५. मोडेम-राउटर २०. म्हणजे ६० वॉटच्या आसपास. यूपीएसच्या खोक्यावर १५०० व्हीए लिहिलेलं बघून हुरळू नका, ती ताकद झाली. साठा बघायचा बॅटरीचा. १२ व्होल्ट ९ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या म्हणजे २१६ वॉट-तास. रूपांतरातली घट सोडली तर अडीच-तीन तास. उन्हाळी वादळात तेवढं पुरतं. पीओईचा हा फायदा सतीशने सांगायला हवा होता: स्विच यूपीएसवर टाकला की सगळे कॅमेरे आपोआप यूपीएसवर.

महिन्याची फी भरून आपलीच चित्रं दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवायची, हे मला पटत नाही. २०२३ साली एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) रिंग या व्हिडिओ बेलच्या कंपनीविरुद्ध केस केली, कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे व्हिडिओ बघता येत होते म्हणून. ५८ लाख डॉलरवर मिटली.

– प्रभाकर

प्रेषक: सतीश (अरोरा)

काका, मान्य. चुकवलं नव्हतं, तुमच्यासाठी ठेवलं होतं :)

डिस्कचा हिशोब: एका कॅमेऱ्याला सेकंदाला ४ मेगाबिट धरले तर दिवसाला ४३ जीबी, चारांचे १७३. ४ टीबीत तीन आठवड्यांहून थोडं जास्त सतत रेकॉर्डिंग मावतं. डिस्क सर्व्हेलन्सची म्हणून मिळते ती घ्यावी, ती अहोरात्र लिहिण्यासाठीच बनवलेली असते.

ओएनव्हीआयएफ (सगळ्या कंपन्यांसाठीचं सामायिक स्टँडर्ड) पाळणारे कॅमेरे घे, म्हणजे उद्या रेकॉर्डर बदलला तरी कॅमेरे चालतात. हाइकव्हिजन आणि दाहुआ या चिनी कंपन्यांच्या नव्या मॉडेलांना नोव्हेंबर २०२२मध्ये एफसीसीने (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) मंजुरी देणं थांबवलं. त्यांचाच माल दुसऱ्या नावाने विकला जातो, तेव्हा अनोळखी नाव दिसलं तर आत कोण आहे ते आधी शोध.

प्रेषक: शर्वरी (एव्हनस्टन)

मृणाल, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेव. इलिनॉयमध्ये खासगी संभाषण गुपचूप रेकॉर्ड करायचं तर त्यातल्या सगळ्यांची संमती लागते, आणि ती नसेल तर मामला फौजदारी होतो. तुझ्या डेकवर बसून शेजारीण काही बोलली आणि ते डिस्कवर राहिलं, नको ती भानगड. चित्राला अडचण नाही, पण शेजाऱ्यांच्या खिडक्या आणि बॅकयार्ड सेटिंगमध्ये काळे करून टाक. बहुतेक कॅमेऱ्यांत ती सोय असते.

ओळखीचा चेहरा दिसला की नाव सांगणारी सोय गुगल नेस्ट आपल्या राज्यात देतच नाही. २००८चा बायोमेट्रिक (चेहरा, बोटांचे ठसे यांच्या माहितीचा) कायदा आडवा येतो. त्या सोयीसाठी जादा पैसे मोजू नकोस.

प्रेषक: निखिल (बफलो ग्रोव्ह)

धागा थोडा वळवतो, माफ करा. सांगलीला आईबाबा एकटे असतात. तिथे दोन कॅमेरे लावलेत, इन्व्हर्टर आहे, तरी वीज गेली की अर्धा तास चित्र जातं. आपले रात्रीचे दोन म्हणजे त्यांची दुपार, मला उठून फोन करावा लागतो.

शिवाय हॉलमधल्या कॅमेऱ्यावर आई रुमाल टाकते. विचारलं तर म्हणते, धूळ बसते.

प्रेषक: प्रभाकर काका (स्कोकी)

निखिल, राउटर आणि भिंतीवरची फायबरची डबी इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत का, ते बाबांना बघायला सांग. बहुतेक घरांत दिवे-पंखे तेवढे इन्व्हर्टरवर असतात आणि इंटरनेटचा प्लग साध्या लाइनवर राहतो. तिथे असूनही जात असेल तर इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा. साध्या मोडमध्ये बदलाबदल सावकाश होते, तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. तरीही भागलं नाही तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, राउटरमागे बसतो, स्वस्त आहे. कॅमेऱ्यात मेमरी कार्डही असू दे. नेट गेलं तरी कॅमेऱ्याला वीज असेल तर रेकॉर्डिंग चालू राहतं.

हॉलमधला काढ. दाराबाहेर आणि अंगणात ठेव. वहिनींना तो नको आहे, एवढं रुमालावरून तुला कळायला हवं. त्यांची खुशाली हवी असेल तर फोन कर, पण त्यांच्या सकाळी कर, म्हणजे तुझीही झोप मोडणार नाही.

प्रेषक: निखिल (बफलो ग्रोव्ह)

काका, हॉलमधला काढायला सांगतो. राउटरचं आत्ताच बाबांना विचारलं: साध्या लाइनवरच होता.

प्रेषक: मृणाल (नेपरव्हिल)

सगळ्यांचे मनापासून आभार. सेलवाला सेट कार्टमधून काढला. नवरा थोडा रुसलाय, कारण अ‍ॅटिकमध्ये त्यालाच चढायचंय.

ठरलं ते असं: पीओईचे तीन – गॅरेजवर ६ मिलिमीटरचा, डेकवर आणि बाजूच्या दाराशी २.८चे. आठ पोर्टांचा स्विच, रेकॉर्डर आणि यूपीएस बेसमेंटमध्ये. दाराला तारेची व्हिडिओ बेल. आवाज बंद, बेलवर बोलता येईल, फक्त साठवणार नाही. हॉलमध्ये काही नाही, सासूबाईंना रुमाल शोधायला लागायला नको.

ट्रान्सफॉर्मर सापडला, फर्नेसच्या मागे. १६ व्होल्ट, १० व्हीए, काका म्हणाले तसाच. शनिवारी याल का? काकूंनाही आणा.

आणि केबलची टोकं चेपायची क्रिंपिंगची पकड आणि भिंतीतून केबल ओढायची फिश टेप कोणाकडे आहे? एका वीकेंडपुरती हवी.

प्रेषक: अभिजित (शॉमबर्ग)

फिश टेप माझ्याकडे आहे. घेऊन येतो, आणि केबल ओढायलाही थांबतो. अट एकच, उरलेल्या केबलचं रीळ मला दे. यंदा मला शिडी लावायची नाहीये.