स्वस्त टॅबवर वाचन होतं, की नुसतंच बघणं?

पानपलट्या

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून 'हे बोललाच नाहीत' असं नको. ज्याला पुस्तकं वाचायचीत, अधूनमधून एखादा सिनेमा बघायचाय आणि खिसा फार खोल नाही, त्याने साधा दहा-अकरा इंची अँड्रॉइड टॅब घ्यावा आणि मोकळं व्हावं. वाचायला एक यंत्र, बघायला दुसरं, ही चैन झाली.

लोक आधी प्रोसेसर नि रॅम विचारतात. मी विचारतो, तुम्ही वाचता काय? ईपब (ई-पुस्तकाची फाइल) वाचत असाल तर अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप नव्याने लागतात, सात इंचसुद्धा पुरतात. पण माझं निम्मं वाचन पीडीएफचं: जुने अंक, अहवाल, कुणीतरी जिवापाड स्कॅन केलेली पुस्तकं. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच, काच जेवढी तेवढंच पान.

म्हणून पट्टी घेऊन बसलो. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद. १०.१ इंची टॅब उभा धरला तर काच साधारण १३६ मिलिमीटर. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ८ च्याही खाली उतरतं. आठ इंचीवर काच १०८ मिलिमीटर, अक्षर ६ पॉइंट. ६ पॉइंट म्हणजे औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावरचा मजकूर. पण पानाचा कोरा समास दोन्हीकडून २५-२५ मिलिमीटर कापला की मजकूर उरतो १६० रुंद, आणि तोच दहा इंचीवर १० पॉइंटच्या आसपास दिसतो. समास कापायची सोय रीडएरा आणि केओरीडर या दोन्ही ॲपमध्ये आहे. तरीही नाहीच भागलं तर टॅब आडवा धरा. रुंदी २१७ होते, पान जवळपास मूळ मापात, फक्त दोन-तीनदा वर सरकवायचं.

बाकी अटी थोड्याच. दहा इंचीवर १९२०×१२०० पिक्सेलच्या खाली जाऊ नका. त्याच आकारावर १२८०×८०० घेतलं तर इंचाला १४९ ठिपकेच मिळतात. रोमन अक्षरं त्यात खपून जातात, पण 'उद्ध्वस्त' किंवा 'राष्ट्र' बारीक टायपात आला की जोडाक्षराची गुठळी होते. रॅम ४ जीबी, साठवण ६४, मेमरी कार्डाची जागा. एवढं बस.

शाईवाली

मुळापासून असहमत. खिसा खोल नाही म्हणूनच तर एक काम नीट करणारी वस्तू घ्यावी.

माझा सहा इंची ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, इंचाला ३०० ठिपके देतो. तुमचा १९२०×१२०० वाला दहा इंची टॅब २२४ वर थांबतो. उन्हात बसलं तर टॅबच्या काचेत आपलंच तोंड दिसतं, ई-इंक (ई-रीडरचा मागून उजेड नसलेला पडदा) मात्र कागदासारखी उलट जास्त उजळ वाटते. पान बदलतानाच काय ती वीज लागते, त्यामुळे चार्जर कुठे ठेवलाय हे आठवावं लागतं. आणि वजन! माझं यंत्र २०० ग्रॅमच्या आतबाहेर, तुमचं जवळपास अर्धा किलो. पाठीवर लोळून वाचताना टॅब नाकावर पडलाय कधी? माझ्या पडलाय. त्याच आठवड्यात टॅब मुलाला देऊन टाकला.

शिवाय झोप. २०१५ साली छापून आलेल्या एका प्रयोगात झोपण्याआधी उजेडी पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला जास्त वेळ लागला होता.

पट्टीमास्तर

त्या प्रयोगाचं नाव फार निघतं, पण आकडे कुणी सांगत नाही. माणसं होती १२. रोज चार तास वाचन, पडदा पूर्ण उजेडावर. आणि फरक निघाला दहाएक मिनिटांचा. अंधाऱ्या खोलीत पूर्ण उजेड लावून चार तास कोण वाचतं हो? उजेड खाली आणा, विषय संपला.

तुमच्या सहा इंचीवर स्कॅन केलेली पीडीएफ उघडून बघा. काच ९१ मिलिमीटर. समास कापूनही १२ चं अक्षर ७ वर येतं. मग झूम करा, प्रत्येक सरकवण्याला ई-इंकचा पडदा लुकलुकतो, पाचव्या पानाला माणूस उठून जातो. 'रिफ्लो करून (म्हणजे मजकूर वेगळा काढून ओळी नव्याने लावून) वाचा' असं कुणी म्हणेल, तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी पीडीएफवर तो प्रयोग करून पाहाच. मजकूर कुठल्या कुठे जातो आणि हातात रोमन अक्षरांचा भुगा येतो. कारण त्या फॉन्टमध्ये 'क' दिसायला क असला, तरी आत साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर. स्कॅनमध्ये तर मजकूरच नसतो, नुसतं चित्र.

भिंगातून

टॅबची बाजू घेणाऱ्यांनी आधी माझी रडकथा ऐका. खोक्यावर ठळक लिहिलं होतं 'फुल एचडी सपोर्ट'. घरी आणला, पुस्तक उघडलं, अक्षरांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. पडदा निघाला १०२४×६००. 'सपोर्ट' म्हणजे त्या दर्जाची फाइल तो चालवतो, दाखवतो मात्र स्वतःच्या ऐपतीप्रमाणे. खोटं काही लिहिलेलं नव्हतं म्हणे! रॅमचंही तेच. '४ + ४ जीबी' मधली दुसरी चार ही साठवणीतून उसनी घेतलेली असते, ती खरी रॅम नव्हे.

सिनेमाची तर वेगळीच फसगत. पडदा चांगला असूनही ॲपवर चित्र धूसर दिसतं, कारण वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या कुलपाची, पातळी. संरक्षित व्हिडिओसाठी यंत्राला एल-१ दर्जा लागतो. एल-३ असेल तर बऱ्याच सेवा ४८० पी च्या वर पाठवतच नाहीत. 'डीआरएम इन्फो' नावाचं छोटं ॲप टाकलं की पातळी समोर येते. परत करायची मुदत संपायच्या आत हे बघा. मी मुदत संपल्यावर बघितलं.

जुनंतेसोनं

नवा स्वस्त टॅब घेण्यापेक्षा तीन-चार वर्षं जुना, पण वरच्या दर्जाचा टॅब वापरलेला घ्यावा असं माझं मत. काच नि पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे अक्षर पृष्ठभागावर छापल्यासारखं दिसतं. स्वस्तातल्यात बहुधा मध्ये पोकळी असते, अक्षर पाण्याखाली असल्यासारखं वाटतं. स्पीकरही दोन्ही बाजूंना असतात. स्वस्तात अनेकदा एकाच कडेला, आणि नेमका तिथेच आपला तळवा.

पट्टीमास्तर

@जुनंतेसोनं, अर्धं मान्य. पण बॅटरी किती थकलीय ते वरून दिसत नाही, आणि सुरक्षा अपडेट थांबलेल्या टॅबवर काही वर्षांनी ॲप्स एकेक करून 'तुमच्या यंत्रावर चालत नाही' म्हणायला लागतात. नुसतं वाचायला घेणार असाल तर हरकत नाही. ईपबला अपडेट लागत नाही.

बोटभर

फोन साडेसहा इंचांचा झालाय. वेगळं काही घ्यायचंच कशाला?

पानपलट्या

@बोटभर, फोनवर वाचता येतं. फोन वाचू देत नाही.

@भिंगातून, वाईट वाटलं. मूळ लेखात वाइडवाइन राहूनच गेलं, ही चूक माझी.

@शाईवाली, नाकाचा मुद्दा मान्य. बाकीच्याचं उत्तर असं, की टॅब वाईट नसतो, तो लावलेला वाईट असतो. पहिल्यांदा सुरू करताना तो विचारतो, जुन्या फोनमधली ॲप्स आणू का? इथेच नव्वद टक्के लोक 'हो' दाबतात (आकडा माझ्या मनातला, धरून बसू नका) आणि फोनचा मोठा भाऊ घरात आणतात. 'नाही' दाबा. माझ्या टॅबवर मेल नाही, गप्पांचं कुठलंच ॲप नाही. पहिल्या पानावर दोन वाचक ॲप, एक व्हिडिओ प्लेअर, फाइल्स. सूचना सरसकट बंद.

धिम्या टॅबला एक जुनी युक्ती आहे. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ॲनिमेशनचे तीन आकडे १ वरून ०.५ करा. प्रोसेसर तोच राहतो, पण हाताला हलका लागतो. पुस्तकं कार्डावर ठेवा, म्हणजे टॅब बिघडला तरी संग्रह वाचतो. रात्री ग्रेस्केल लावतो. रंग गेले की व्हिडिओची भूकही निम्मी होते, हे मला अपघाताने कळलं.

शाईवाली

म्हणजे तुम्ही एवढे कष्ट घेऊन टॅबचा ई-रीडर करताय! माझं यंत्र खोक्यातून निघालं तेव्हाच तसं होतं.

आणि खरं सांगा, गेल्या महिन्यात पुस्तकं किती संपवली आणि सिनेमे किती? मी मुलाला दिलेल्या त्या टॅबवर वाचक ॲपमध्ये एक कादंबरी अजून बाराव्या पानावर उघडी आहे. माझीच. तेरावं पान मी ई-रीडरवर वाचलं आणि आठवड्यात पुस्तक संपलं.

पानपलट्या

पुस्तकं दोन, सिनेमे पाच. पण त्या दोनांतलं एक ४०० पानांचा स्कॅन होतं, ते तुमच्या यंत्रावर सुरूच झालं नसतं.

शाईवाली

काल संध्याकाळी पट्टी घेतलीच शेवटी. माझ्याकडे वडिलांच्या जुन्या टिपणांचे स्कॅन आहेत, दोनेकशे पानं, शाईने लिहिलेली. समास सोडून मजकूर १७२ मिलिमीटर रुंद निघाला. ई-रीडरवर बघितलं, अक्षर लागत नाही. एवढ्यासाठी मुलाकडून टॅब परत मागितला तर तो म्हणतो, दोन तासांसाठीच मिळेल.

केओरीडरमध्ये समास कापायचं नेमकं कुठे आहे? पानं वाकडी स्कॅन झालीत, प्रत्येकाचा समास वेगळा.

पानपलट्या

पुस्तक उघडल्यावर पडद्याच्या तळाशी टिचकी मारा, खाली चिन्हांची पट्टी येते. त्यात कापण्याचं चिन्ह आहे. 'ऑटो' निवडा, म्हणजे तो प्रत्येक पानाचा समास स्वतः शोधतो. ज्या पानावर शाईचे डाग असतील तिथे डागालाच मजकूर समजून फसेल, तेवढ्या पानांपुरतं हाताने करा.